शेतातल्या आखाड्यावर स्वतःच्या हातानं दोन सीटर गाडी बनवायचीय, घरची मारुती ८०० कापावी का? सुरुवात कुठून करावी?

परभणीचा_येडा

राम राम मंडळी. लई दिवस नुसतं वाचायलोय, आज विचारायची हिंमत केली. परभणीपासून वीसेक किलोमीटरवर आमचं गाव, मी हायस्कूलला गणित शिकवतो आन् शेती भाऊ बघतो. वडलांची १९९८ ची मारुती ८०० हाय, कार्बोरेटरवाली, एमएच २२ पासिंग. २०१३ ला पंधरा वर्षं भरली तवा एकदा पाच वर्षांसाठी रिन्यू केली, २०१८ नंतर कुणी हात लावला नाही. आखाड्यावर गोठ्याच्या कडेला उभी हाय आन् मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालती, हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही.

डोक्यात असं हाय की हिचंच इंजिन, गिअरबॉक्स, स्टेअरिंग, चाकं घेऊन खाली बसकी, उघडी, दोन सीटची गाडी बनवायची. इंग्रजांची ती लोटस सेव्हन असती ना १९५७ ची, जी आता केटरहॅमवाले बनवतात आन् लोक खोक्यात सुटे पार्ट मागवून घरी जोडतात, तसल्या टाईपची. फक्त ८०० चं इंजिन आडवं असतंय आन् पुढची चाकं ओढतात, म्हणून ते सगळं उचलून सीटच्या मागं टाकायचं आन् मागची चाकं फिरवायची, असा कागदावरचा हिशोब.

घाई बिलकुल नाही. रविवार, दिवाळीच्या सुट्ट्या आन् मे महिना, असं धरून चार-पाच वर्षं लागली तरी चालतंय. महिन्याला चार-पाच हजार बाजूला काढू शकतो. आर्क वेल्डिंग येतं, गोठ्याचं गेट आन् ट्रॉलीचं फाळकं मीच केलंय, २०० अँपियरचं छोटं मशीन हाय. बायकोचं म्हणणं हाय की आधी गोठ्याचे पत्रे बदला मग गाड्या बनवा, तिचं चुकीचं नाही.

विचारायचं एवढंच की ही गाडी रोडवर पास होती का, आन् नाही झाली तर करण्यात अर्थ हाय का? दुसरं, पहिल्या दिवशी नेमकं काय हातात घ्यायचं? बॉडीची चित्रं तर वहीभर काढून ठेवलीत.

नांदेडी_झटका

सर एकच सांगतो, इंजिन मागं नेताना जसं हाय तसंच सरळ मागं सरकवा. आमच्या एका दोस्तानं जागा बसंना म्हणून तोंड फिरवून बसवलं होतं, मग काय, चार गिअर रिव्हर्सचे आन् पुढं जायला एकच. गावात अजून त्याला रिव्हर्स म्हणूनच हाक मारतेत.

वाळूज_टूलरूम

येडा भाऊ, वरचं हसण्यावारी नेऊ नका, खरंच तसं होतं.

मी वाळूजला टूलरूममध्ये आहे, १९ वर्षं झाली. २०१६ ला डिट्टो हेच काम काढलं, ८०० चं इंजिन मागं, आणि गाडी स्वतःच्या पायावर चालली २०२२ ला. मधी दोन वर्षं तर ताडपत्रीखालीच होती. त्यामुळं चार-पाच वर्षं म्हणताय ते बरोबरच आहे, त्यात एखादं लग्न आणि एखादं आजारपण धरून ठेवा.

पहिलं म्हणजे चित्रांची वही कपाटात ठेवा. बॉडी सगळ्यात शेवटी. आधी गाडी चार चाकांवर ढकलता आली पाहिजे, मग ब्रेक लागले पाहिजेत, मग स्वतःच्या इंजिनावर दहा फूट पुढं गेली पाहिजे, दिसायला ती लोखंडी खाटेसारखी दिसली तरी चालतं. मी उलटं केलं होतं. एका उन्हाळ्यात पीओपीचा साचा करून फायबरचं नाक बनवलं, रेझिन, मॅट, हार्डनर यात बारा हजार घातले, शेजारपाजारचे बघायला यायचे, मलाही भारी वाटायचं. चेसिस झाली तेव्हा ते नाक तिला दोन इंचांनी अरुंद. आता त्यात पोरगा क्रिकेटचं सामान ठेवतो.

दुसरं चेसिस. माझी पहिली फ्रेम भंगारात गेली, जालन्याच्या भट्टीत वितळून आतापर्यंत कुणाच्या तरी स्लॅबमधला गज झाली असेल. सांगतो का ते, कारण तुम्हीही नेमकी हीच चूक करणार. २५ बाय २५ चा चौकोनी पाईप, १.६ एमएम जाडीचा, सगळा कापून जमिनीवर मांडला, गुण्या लावला, टाके मारले (वेल्डचे छोटे ठिपके). त्या दिवशी लाईट टिकली होती म्हणून म्हटलं होऊनच जाऊ द्या, डाव्या बाजूचे सगळे जोड एका बसणीत फुल वेल्ड करून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पीत पीत टेपनं कर्ण मोजले तर एक २३१४ आणि दुसरा २३२५. अकरा एमएम. तुम्ही गणिताचे आहात, आयताचे दोन कर्ण सारखे नसले म्हणजे काय होतं ते मी काय सांगणार. वेल्ड थंड होताना आकसतं आणि पाईपला आपल्या बाजूला ओढतं, एका बाजूनं सगळं भरलं की आख्खी फ्रेम तिकडं वाकते. मी अडाण्यासारखं वाटलं चालतंय एवढं. तिच्यावर सस्पेन्शन बसवलं, ढकलून बघितली तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायची.

दुसऱ्या वेळी आधी टेबल केलं. दोन सहा फुटी सी चॅनल, त्यावर आडवे चार, आणि लेव्हल करायला कुठलं महागाचं यंत्र नाही, गवंड्याची पाण्याची नळी. चारही कोपऱ्यांत पाणी एका रेषेत आलं की टेबल लेव्हल. फ्रेमचा खालचा पाटा त्या टेबलालाच टाके मारून धरायचा, वरचं सगळं टाक्यांवर उभं करायचं, आणि फुल वेल्ड करताना एक जोड डावीकडं, एक उजवीकडं, एक पुढं, एक मागं, मधी थंड होऊ द्यायचं. प्रत्येक चार जोडांनंतर कर्ण. मला वेळ लागला तीन आठवडे, फरक राहिला दीड एमएम.

खर्चाचं म्हणाल तर या पाईपचं वजन मीटरला सव्वा किलोच्या आतच बसतं. सहा मीटरच्या आठ लांब्या घेतल्या तर पंचावन्न-साठ किलो. म्हणजे गाडीचा सांगाडा हाच गाडीतला सगळ्यात स्वस्त भाग. म्हणूनच चुकला तर फेकून द्यायला मन घट्ट करा.

मागच्या चाकांचं एक सांगायचं राहिलं. ८०० ची पुढची चाकं वळणारी आहेत, ती मागं नेली की वळायची थांबवावी लागतात. लोक एक कुठला तरी रॉड काढून कुठं तरी अँगलला जोडतात. तसं करू नका. मूळ स्टेअरिंग रॅकचा (चाकं वळवणाऱ्या दांड्याचा) आतला बॉलजॉइंट जिथं होता, सस्पेन्शनच्या हिशोबानं नेमका तिथंच तुमचा फिक्स पॉइंट आला पाहिजे आणि रॉडची लांबीही तीच. नाही तर खड्ड्यात चाक वरखाली झालं की आपोआप थोडं वळतं, म्हणजे मागून गाडी स्वतःच स्टेअरिंग मारते. आपल्याकडचे रस्ते बघता चाक सरळ किती वेळ राहणार ते तुम्हीच ठरवा.

ब्रेकवर वेगळं लिहितो, आत्ता सेकंड शिफ्ट आहे.

कोर्टाची_पायरी

पासिंगचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. उत्तर कडू आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीत कंपनीनं दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं, त्यात मालकानं असा बदल केला तर प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद. तुम्ही तर गाडीच बदलायला निघालात. त्यामुळं ८०० च्या आरसीवर, ८०० ची नंबरप्लेट लावून ही गाडी रोडवर काढायचा विचार डोक्यातून काढा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, आणि समोरच्याची भरपाई शेतजमिनीवर येईल.

मग नवी गाडी म्हणून नोंद? त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६, म्हणजे प्रोटोटाइप (नमुना गाडीची) मंजुरी. पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई असल्या संस्था ती तपासणी करतात. हे सगळं हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीच्या हिशोबानं आखलेलं आहे, खर्च लाखांत जातो. इंग्लंडमध्ये एकट्या माणसानं बनवलेली एकच गाडी तपासून पास करायची वेगळी सोय आहे, म्हणून तिकडं केटरहॅम घरी जोडून माणूस ऑफिसला जाऊ शकतो. आपल्याकडं ती वाट नाही.

बरं, आखाड्यावर चालवली तर? इथं लोक बिनधास्त म्हणतात की स्वतःच्या जागेत काहीही चालतं. कलम ३९ नीट वाचा, नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक जागीच काय, इतर कोणत्याही जागी चालवायची नाही असं आहे. सूट मिळते ती व्याख्येतून, कलम २ च्या २८ मध्ये, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेलं खास वाहन मोटार वाहनात धरत नाहीत. म्हणून कुंपण, गेट, आतल्या आतच वापर, आणि दुसरीकडं न्यायची तर टोइंगच्या गाडीवर चढवून. शेतातून शेतात जाताना मधी शीवरस्ता लागला की तो सार्वजनिक.

आणखी एक, हे कुणी करत नाही. ८०० कापायच्या आधी आरसीचं बघा. गाडी कायमची वापरात राहणार नसेल तर कलम ५५ प्रमाणं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. नाही तर कापलेल्या गाडीचा नंबर तुमच्या वडलांच्या नावावर जिवंत राहतो आणि उद्या तो कुणी कुठं लावला तर पोलीस तुमच्या दारात.

बीड_बायपासवाला

कायद्याचं ऐकून घाबरू नका सर, सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या कारागिरानं भंगारातून पोरासाठी छोटी जीप बनवली होती, २०२१ ला तिचा व्हिडिओ एवढा फिरला की आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो दिली.

पण माझा मुद्दा वेगळाच हाय. ८०० कशाला मागं ओढत बसता, नॅनो घ्या की राव. इंजिन कंपनीनंच मागं बसवून दिलंय, मागची चाकं फिरतात, गिअरचं सगळं पुढून मागं गेलेलंच हाय, पुढची चाकं वळणारी पुढंच. ६२४ सीसी, दोन सिलेंडर, हलकी. तुमचं अर्धं डोकं वाचलं. जुन्या नॅनो आता भंगाराच्या भावात मिळायल्यात.

वाळूज_टूलरूम

नॅनोचा मुद्दा बरोबर आहे, मी आज सुरू केलं असतं तर मीही विचार केला असता. दोन गोष्टी बघा फक्त. नॅनोला कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि तिचं आख्खं वायरिंग शाबूत काढावं लागतं, एक सेन्सर रुसला की आखाड्यावर रविवारी कोण येणार? कार्बोरेटर स्क्रू ड्रायव्हरवर चालतो. आणि दुसरं, नॅनोला चारही चाकांना ड्रम ब्रेकच. हलक्या गाडीला चालून जातील, पण ८०० च्या डिस्क ब्रेक तुमच्या घरात फुकट पडल्यात.

तर ब्रेक. ८०० च्या डिस्क पुढं असतात, इंजिनाबरोबर त्या मागं जातील आणि पुढं काय लावणार? मी दुसऱ्या एका ८०० चा पुढचा संच घेतला, ड्राइव्हशाफ्ट (इंजिनाचा जोर चाकाला देणारा दांडा) काढून टाकला, म्हणजे माझ्या गाडीला चारही बाजूंनी ८०० चं पुढचं सस्पेन्शन आहे. पहिल्यांदा मातीत ब्रेक मारला तर मागची चाकं आधी जाम झाली आणि गाडी गर्रकन फिरून मी आलो त्या दिशेला तोंड करून उभा. वेग असेल पंचवीसचा. पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत, ही गोष्ट कागदावर मला माहीत होती. मग मागच्या लाईनला प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह टाकला, मातीत दोरी टाकून दहा-दहा वेळा ब्रेक मारला आणि कुणाची घसरण आधी सुरू होते ते भावाला बाजूला उभं करून बघायला लावलं. तुम्ही हे एकट्यानं करू नका.

रेडिएटर पुढं ठेवणार असाल तर पाण्याचे पाईप लांब होतात, वर कुठं तरी हवा अडकून बसते आणि काटा शांत असताना इंजिन उकळतं. सगळ्यात उंच जागी एक बुच ठेवा हवा काढायला. परभणीचा मे महिना मी सांगायची गरज नाही.

परभणीचा_येडा

बाप रे. वाळूजवाले दादा, कर्णाचं वाचून हसू आलं आन् भ्या बी वाटलं, कारण मी आजच बाजारात पाईपचा भाव काढून आलो होतो आन् टेबल-बिबल काही डोक्यात नव्हतं. जीआयचा (जस्त चढवलेला) पाईप घेणार होतो, गंजत नाही म्हणून.

कोर्टवाले साहेब, कडू असलं तरी बरं झालं सांगितलं. आमच्या दोन तुकड्यांच्या मधून गाडीवाट जाती, मी तिच्यावरून फेरी मारायचं स्वप्न बघत होतो. ते आता बाद. विहिरीपासून लिंबाच्या झाडापर्यंत आतल्या आत दोनशे-सव्वादोनशे मीटर बांध मिळतोय, कुंपण हाय, गेट मीच केलेलं हाय. तेवढ्यासाठी पाच वर्षं? म्हणून रात्री लई वेळ विचार केला. करायचं ठरलं. चालवण्यापेक्षा मला ते जोडायचंच जास्त हाय, हे तुमच्यापुढं कबूल करतो, घरी अजून केलं नाही.

लातूरचा_पत्रेवाला

मास्तर, जीआय पाईप बिलकुल घेऊ नका. वेल्डिंग मारलं की वरचं जस्त जळतंय, पांढरा धूर हुतंय, तो नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतंय. आमच्या दुकानात नवीन पोरं एकदा तरी हे भोगतेत. काळा पाईप घ्या आन् आणल्या आणल्या पुसून रेड ऑक्साईड मारा, पावसाळ्यात आखाड्यावर उघडा पाईप आठ दिवसांत तांबडा हुतंय.

१.६ च्या पाईपला तुमचा ट्रॉलीवाला हात चालायचा नाही. ट्रॉलीला आपण मोठा रॉड लावून दाबून भरतो. हितं २ एमएमचा रॉड, पन्नास-साठ अँपियर, नाही तर भोकच पाडताव. शंभर तुकडे कापून नुसते जोडून मोडून बघा, हातोडा मारून जोड तुटला तर कुठं तुटलाय ते बघा, वेल्ड सुटला तर तुमचं चुकलं, पाईप फाटला तर पास. सीओटू मशीन (गॅस आन् तारेचं वेल्डिंग) असलं तर लई सोपं, पण शेतातल्या लाईटवर नाद करू नका, व्होल्टेज १७०-१८० वर आलं की मशीनच बंद पडतंय आन् जोड अर्धा राहतंय. आर्कलाबी तेच. पंप चालू असताना वेल्डिंग करू नका, शेजाऱ्याचा पंपबी धरून.

आन् एक. कडबा आन् सोयाबीनची गुळी कुठं हाय ते आधी बघा. मी स्वतःच्या शेतात ग्राइंडर चालवत हुतो, ठिणगी उडाली ती दिसली बी नाही, अर्ध्या तासानं जेवायला बसलो तर गंजीतून धूर. दोनशे पेंढ्या गेल्या, बैल दावणीचे सोडले म्हणून वाचले. पाण्याची बादली, वाळूचं घमेलं जवळ ठेवून काम करा, आन् काम संपल्यावर लगेच घरी जाऊ नका, अर्धा तास तिथंच बसा. पेट्रोलच्या टाकीला तर रिकामी हाय म्हणून बी वेल्डिंग लावायचं नाही, टाकी रिकामी असली की वाफच भरलेली असती.

पत्रा वाकवायचा असंल तवा सांगा, दुकानात बेंडिंग मशीन हाय, तुमच्यासाठी फुकट.

नांदेडी_झटका

दोनशे मीटर म्हणजे दुसरा गिअर बी पडायचा नाही सर. पण विहिरीच्या बाजूनं ब्रेक टेस्ट करू नका एवढी विनंती.

परभणीचा_येडा

दोन रविवार झाले, म्हणून कळवतो.

कोंबडी दुसरीकडं हलवली, एक दिवस रुसली, आता ट्रॅक्टरच्या सीटखाली बसायली. ८०० बाहेर ओढली, चारही टायर सपाट, ब्रेक चिकटलेले, भावानं ट्रॅक्टर लावला तवा आली. आरसी रद्द करायचा अर्ज तालुक्याला जाताना घेऊन जाणार हाय, वडील म्हणले नंबरप्लेट तेवढी मला दे, देवघराच्या वर लावतो. आई म्हणली देवघराच्या वर नाही.

कापायच्या आधी इंजिन फिरतंय का बघावं म्हणून तिन्ही प्लग काढले, आत थोडं थोडं ऑईल सोडलं आन् रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी क्रँकच्या बोल्टला पाना लावला, हलंना. पाइप घालून लांब करावा वाटत होतं पण जोर लावला नाही, आणखी थोडं ऑईल सोडून शाळेत गेलो. संध्याकाळी बायको टॉर्च धरून उभी होती, पाना लावला आन् एवढुसा हलला, बोटाच्या नखाएवढा. मग मागं, मग पुढं, मग मागं. पंधरा-वीस मिनिटांनी आख्खा फेरा झाला. प्लगच्या भोकातून काळं ऑईल उडून तिच्या साडीवर आलं, ते प्रकरण वेगळं.

चॅनल आणलेत, टेबलाला लागतील तेवढेच. पाईप अजून घेतला नाही, आधी ट्रॉलीच्या भंगारातले तुकडे जोडून हातोड्यानं तोडायलोय. आतापर्यंत ३१ जोड केले, २२ वेल्डमधून सुटले.

लातूरचा_पत्रेवाला

९ पास झाले की मास्तर, पहिल्या आठवड्याला बरंच हाय. फोटो टाका सुटलेल्यांचे.

वाळूज_टूलरूम

चॅनल टेबलाचे टाके मारायच्या आधी पाण्याच्या नळीत बुडबुडा नाही ना ते बघा, मला त्यात एक दिवस गेला होता. आणि इंजिन फिरलं म्हणून लगेच स्टार्टर मारू नका, टाकीतलं २०१८ चं पेट्रोल आणि कार्बोरेटरमधला चिकटा आधी काढा. तिन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून इथं टाका, मग कापायचं का ते बोलू.